न उतरणारी बॅटरी

चामटोली,
१७ नोव्हेंबर २०२४

ति. दिनानाथमामांना अंजनीचा वाकून नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे बरे आहेत. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तुमच्या कानाच्या मशीनमध्ये नुसती खरखर झाली आणि तुम्ही 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिलात. मेसेज करावा तर माझा फोन घरात सगळ्यांचाच असतो, नणंद अक्षदा दिवसभर त्यावर काहीतरी बघत असते. म्हणून हे शेजारच्या किर्तीबरोबर पाठवतेय. तिची कंपनी अंबरनाथलाच आहे. उत्तरही तिच्याकडेच द्या, पोस्टात टाकू नका.

काम असं आहे. सायकलला मोटर बसवायचीय. माझ्यासाठी. बदलापूरला शिवणाच्या युनिटमध्ये जायला शेअर रिक्षा वेळेवर मिळत नाही, मिळाली तर चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर. घरात सासऱ्यांची, म्हणजे दादांची, जुनी काळी सायकल आहे, तिलाच बसवू म्हटलं.

महेश आणि मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जाऊन आलो. तिथे जयदेव म्हणून सिंधी दुकानदार आहे. त्याने काउंटरवर चार प्रकार मांडले. एक पुढच्या चाकात बसते, दोन मागच्या चाकात, एक पेडलपाशी. मी विचारलं फरक काय, तर म्हणे, "मॅडम, सब एक नंबर है, आँख बंद करके ले जाओ." मामा, डोळे बंद करून घ्यायची वस्तू आहे का ही? महेशला काही कळत नाही, तो नुसता "भारीवाली दे" म्हणत होता.

तुम्ही कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म काढलात. मला सांगा कुठली घेऊ. आणि जरा लवकर सांगा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अंजनी

अंबरनाथ (पूर्व),
२० नोव्हेंबर

चि. अंजनीस आशीर्वाद, आणि थोडं रागावणं.

मशीन बदललंय. आता खरखर अगदी स्वच्छ ऐकू येते. तेव्हा लिहीतच जा, मला बरं वाटतं. तुझी आई, माझी चुलतबहीण, अशीच लिहायची. मुद्दा शेवटच्या ओळीत.

रागावणं कशासाठी? तर तू 'कुठली घेऊ' विचारतेस आणि कशासाठी ते अर्धंच सांगतेस. मोटर निवडताना तीन गोष्टी विचारायच्या असतात. ओझं किती, चढ किती, आणि चालवणारा कोण. भारी-हलकी असं काही नसतं, ते तुझ्या नवऱ्याला सांग.

तरी ऐक. पुढच्या चाकातली मोटर बसवायला सोपी, चाक काढलं, चाक घातलं. पण ती ओढते पुढून आणि ओझं असतं मागे. चढावर मातीत पुढचं चाक नुसतं गरागरा फिरेल आणि तू आडवी. ती नको. पेडलपाशी बसते ती चढाला सगळ्यात चांगली, पण तिला गिअरची सायकल लागते आणि सगळा जोर साखळीवर येतो. दादांच्या सायकलीचा तो जुना खिळीचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, काढून ती बसवायची म्हणजे फ्रेमच कापावी लागेल. तीही नको. राहिल्या मागच्या चाकातल्या दोन. एकीच्या पोटात दाते असतात, एकीच्या पोटात नुसती चुंबकं. त्यातली कुठली, ते तुझ्या उत्तरावर.

आणि दांड्याचे ब्रेक काढून वायरचे बसवून घे. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी, ते दांड्याच्या ब्रेकला जमत नाही. हे विसरलीस तर मी स्वतः येऊन कान धरीन.

आमच्या बिल्डिंगमधले सगळ्यात वरच्या मजल्यावरचे शंकरराव परवा जिन्यात भेटले. त्यांच्या अभिजीतला तुमच्या अक्षदाचा फोटो पसंत आहे म्हणे. घरच्यांच्या तब्येती वगैरे कशा आहेत, विचारत होते. मी म्हटलं, माझ्या भाचीचं सासर आहे, सगळे ठणठणीत, शब्द देतो. मिठाई तयार ठेव.

दिनानाथमामा

चामटोली,
२४ नोव्हेंबर

ति. मामा,

शंकररावांना तसं सांगितलंत, बरं केलंत. फार बरं केलंत.

तुमच्या तीन गोष्टी. चढ म्हणाल तर गावातून हायवेला लागतो ना, तो. माहितीये तुम्हाला. चालवणारा कोण, तर मीच, दुसरं कोण. ओझं म्हणजे मी आणि माझा डबा.

पण समजा, हं, नुसतं समजा, मागे कॅरिअरला कधी भाजीची दोन पोती बांधली, वालाच्या शेंगा, मुळा असं काही, तर चालेल अशी घ्यावी ना? वस्तू घ्यायची तर सगळ्याला उपयोगी पडेल अशी घ्यावी.

आणि एक. चालवणाऱ्याला अजिबात दम लागता कामा नये. थोडासुद्धा नाही. पेडल मारायचीच गरज पडू नये, नुसतं बटन. अशी कुठली असते ते सांगा. आणि मोटर जास्त दिसू नये, उगाच लोक थांबवून विचारत बसतात.

जयदेवला तीनदा फोन केला, तो म्हणतो, "माल आज है, कल का भरोसा नहीं." माझा जीव थाऱ्यावर नाही मामा. लवकर कळवा.

अंजनी

अंबरनाथ,
२६ नोव्हेंबर

चि. अंजनी,

तुझं पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं. 'अजिबात दम लागता कामा नये' हे वाक्य आलं, तशी तिने निवडत असलेली मेथी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच घाबरलो. तिचं म्हणणं, हे काहीतरी वेगळं आहे. तसं असेल तर अगं बाई, फार आनंदाची गोष्ट आहे, पण मग सायकल कसली चालवतेस! मोटर असो नाहीतर विमान असो, घरी बस. मामी म्हणते डिंकाचे लाडू पाठवू का, ते कळव.

तसं नसेल तर पुढचं वाच.

बिनदात्यांची घे, मागच्या चाकात. दात्यांच्या मोटरीत नायलॉनचे बारीक दाते असतात, दोन पोत्यांखाली रोज चढ चढवलास तर झिजतील. बिनदात्यांच्या मोटरीत झिजायला काही नाहीच. चावी फिरवली, बटन दाबलं, की पायांना सुट्टी. तिची खोड एकच. बंद ठेवून पेडल मारलंस तर आतली चुंबकं चाकाला धरून ठेवतात, ब्रेकचा रबर घासत असल्यासारखी सायकल जड जाते. वर मोटर-बॅटरीचं वजन आहेच. पण तू ती बंद कशाला ठेवशील? घेतलीसच बटनासाठी.

जयदेवला माझं नाव सांग. ओळखत नाही, पण सांग.

मामा

चामटोली,
२२ डिसेंबर

ति. मामांना नमस्कार. मामींना सांगा, तसलं काही नाही! लाडू पाठवलेत ते मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून संपवले.

उत्तराला उशीर झाला, कारण मोटर बसवण्यात, मग ब्रेक बदलण्यात, मग युनिटला ऑर्डर होती त्यात महिना गेला. दादा स्वतः महेशबरोबर कॅम्प एकला सायकल घेऊन गेले होते. मला वाटलं होतं कटकट करतील. पण नुसतं "बसवा" म्हणाले. जयदेवने त्यांना उघडी मोटर वगैरे दाखवली म्हणे. फार कौतुकाने दाखवतो तो.

सायकल सध्या दादाच जास्त वापरतात. मला अजून तोल जमत नाही, उंच आहे ना ती. सकाळी भाजी घेऊन बदलापूरच्या बाजारात तेच नेतात, परत आले की ओट्यापाशी लावतात. मी रोज बॅटरीचे दिवे बघते. मामा, काय बॅटरी निवडून दिलीत! चार दिवे असतात, बसवल्या दिवसापासून चारच्या चार लागलेत. जयदेव म्हणाला होता दोन दिवसांआड चार्ज करावी लागेल. आम्ही अजून एकदाही केली नाही! मी महेशला म्हटलं, बघ, मामांना विचारून घेतली म्हणून.

दादा जरा दमल्यासारखे वाटतात, जेवण कमी झालंय. थंडीचं असेल. रिक्षावाला हितेश म्हणत होता, चढावर दिसतात रोज.

जानेवारीत शंकररावांकडची मंडळी बघायला येणार आहेत. सगळं सुरळीत होऊ दे म्हणजे मिळवलं.

अंजनी

अंबरनाथ,
२४ डिसेंबर

अंजनी,

हे पत्र मिळाल्याबरोबर सायकलला कुलूप लाव आणि मग पुढे वाच.

इतकी चांगली बॅटरी अजून जगात कुणी बनवलेली नाही. दोन पोती आणि एक माणूस रोज चढ चढवून नेल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा एक दिवा लागायची मारामार. तुझे चारही लागतात, कारण ती कुणी वापरतच नाही. दादा चावी फिरवतच नाहीत, अंजनी! ते मोटर बंद ठेवून पेडल मारतायत. आणि बंद ठेवली की ती उलटी ओढते, हे मी लिहिलं होतं. त्यांची साधी सायकल परवडली. आपण त्यांना रोज ब्रेक दाबून चढ चढायला लावतोय.

तू पोती म्हणालीस, दम लागता कामा नये म्हणालीस, मोटर दिसू नये म्हणालीस. आणि मी शहाणा, लाडू पाठवत बसलो. तो दम कुणाचा? खरं सांग. दादांना काय झालंय?

मामीला फोन करायला लावला होता. अक्षदाने उचलला. तुमचं घर काय लपवतंय हे ठाऊक नसल्यामुळे मामीने थंडीची चौकशी केली आणि ठेवला. माझ्या हातात पेन आहे आणि किर्ती आज आलेलीच नाही. काय करू मी?

मामा

चामटोली,
३० डिसेंबर

मामा,

किर्ती भावाच्या लग्नाला गेली होती, तुमचं पत्र मला काल संध्याकाळी मिळालं. घाईत लिहितेय. अक्षर समजून घ्या.

दादांना गणपतीनंतर झटका आला होता. कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं, छातीत स्टेंट बसवला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जड काम नाही, चढ नाही, दम लागेल असं काही नाही. घरी आल्यावर महेश म्हणाला, अक्षदाचं ठरेपर्यंत हा विषय काढायचा नाही. बापाला हृदयाचं दुखणं म्हटलं की लोक मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतात. गावात सांगितलं, मुंबईला नातेवाइकांकडे गेलेत. आणि मुलाकडचे नेमके तुमच्याच डोक्यावर राहणारे. तुम्हाला कशी सांगू?

पण सायकल सुटेना. इतकी वर्षं रोज बाजार करणारा माणूस एकदम घरी बसला तर सगळे विचारणार. म्हणून मी मोटरची युक्ती काढली. माझ्या नावावर. मला वाटलं, माझ्यासारखी हुशार मीच.

आज सकाळी मी हितेशच्या रिक्षात बसून मागून गेले. चढाच्या तोंडाशी त्याला थांबवलं. मामा, दादा सायकलवरून उतरले होते. एक हात हँडलवर, दुसरा कॅरिअरवर, आणि तोंड शेताकडे. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, पीक बघतायत. खांदे नुसते वरखाली होत होते. चावी खिशात. हितेश म्हणाला, "रोज बघतात ते शेत. कुणाचं आहे?" मला तिथेच रडू फुटलं.

संध्याकाळी मी शिवणाची सुई मागच्या टायरमध्ये खुपसली. उद्या जाता येऊ नये म्हणून. दुसरं काही सुचलंच नाही. पण पंक्चर काढून परवा पुन्हा निघतील. मोटर लावून फिरलं तर लोक म्हातारा झाला म्हणतील, असा मान आडवा येत असणार. सासऱ्यांना मी कशी बोलू? ते समोर असले तर मी अजून नीट बसतसुद्धा नाही.

मला खूप भीती वाटतेय. काहीतरी सांगा.

अंजनी

अंबरनाथ,
३१ डिसेंबर

अंजनी,

किर्तीला खाली थांबवून लिहितोय.

मी तुझ्यावर भडकलोय, हे आधी सांगून टाकतो. शंकररावांना शब्द मी दिला. रोज जिन्यात भेटतात ते. ठणठणीत म्हणालो मी! तू मला तोंडघशी पाडलंस. पण त्याचं नंतर बघू. मी वर जाऊन काही बोलणार नाही, ते सांगायचं की नाही हे दादांनी ठरवायचं.

मोटर बदलून टाक. दात्यांची घे. बंद ठेवली तर तिच्यातला क्लच सुटतो आणि सायकल साधी सायकल राहते. झिजले दाते तर झिजू देत. मी पोत्यांचा विचार केला आणि माणसाचा केला नाही, कारण माणूस तू मला दाखवलाच नाहीस. जयदेव बदलून द्यायला कुरकुर करेल. करू दे. जयदेवसमोर रड, तुला येतं ते.

पण ते दुसरं काम. पहिलं काम दादांना विचारणं. चावी का फिरवत नाहीत? तू लिहितेस मान आडवा येतो. हे त्यांनी सांगितलं की तू ठरवलंस? तुम्ही सगळे त्या घरात एकमेकांविषयी ठरवून मोकळे होता. मीही तेच केलं, तुझा दम बघून बारशापर्यंत पोचलो. विचार. तोंडाने विचार. नीट न बसता विचार, उभ्याने विचार, पण आजच्या आज. आणि डॉक्टरकडे ने. शेताकडे बघत उभं राहावं लागतं, म्हणजे बरं लक्षण नाही.

कळव. मला झोप नाही.

मामा

चामटोली,
७ जानेवारी २०२५

ति. मामा,

आधी हे की दादा घरात आहेत, खाटेवर बसून शेंगा सोलतायत. आता पुढचं सांगते.

तुमचं पत्र वाचलं आणि तशीच अंगणात गेले. दादा पंक्चर काढायला बसले होते. मी उभी राहिले आणि विचारलं, "दादा, मोटर चालू का करत नाही?" त्यांनी वर बघितलं नाही. ट्यूब पाण्यात दाबली. मग म्हणाले, "चुंबक हाय ना तिच्यात."

मला काही कळेना. तर म्हणाले, हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर एक जण होता, त्याच्याही छातीत काहीतरी बसवलं होतं. नर्सने त्याला सांगितलं, चुंबकाजवळ जायचं नाय, बंद पडेल. "मंग माझ्यापन छातीत बसवलाय ना?" आणि मोटर बसवायला गेले तेव्हा जयदेवने उघड्या मोटरीजवळ पाना नेला आणि सोडून दिला. पाना चटकन जाऊन चिकटला. तो म्हणे, "देखो चाचा, कितना पावर!" दादा म्हणाले, "मी तिथंच घाबरलो."

म्हणून चावी फिरवत नव्हते. त्यांना वाटलं, बंद ठेवली की चुंबकही बंद. पण बंद ठेवून चालवताना सायकल जड जायची आणि चढावर छातीत ओढल्यासारखं व्हायचं. त्यांना वाटलं, चुंबकच ओढतंय. आतून. रोज, मामा. रोज सकाळी हा माणूस मरायची तयारी करून भाजी घेऊन जात होता.

मी म्हटलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "त्या दुखण्याचं बोलायचंच नाय असं तुम्हीच ठरवलेलं. मंग कुणाला इचारू?"

मला खाली बसावंच लागलं, त्यांच्यासमोर, मातीत.

त्याच दिवशी महेश रजा टाकून आला आणि आम्ही कल्याणला गेलो. डॉक्टर म्हणाले, शेजारच्याच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र असेल, तुमच्या छातीत साधी जाळी आहे, तिला तुमच्या मोटरीने काही होत नाही. पण छातीत ओढ लागते हे इतके दिवस अंगावर काढलंत? खूप रागावले. दोन दिवस ठेवून घेतलं, तपासण्या केल्या, गोळ्या बदलल्या. थोडक्यात निभावलं म्हणाले. आता काही दिवस आराम, मग सायकल चालेल, पण मोटर चालू ठेवून आणि पोत्यांशिवाय. पोती महेश टेम्पोने पाठवणार आहे.

जयदेव मोटर बदलून देतो म्हणाला. मी रडले नाही, ओरडले. "चाचा को डराया मैंने?" म्हणून त्याचाच चेहरा उतरला.

मंडळींचं बघायला येणं आम्ही पुढे ढकललंय, अक्षदाला ताप आलाय म्हणून कळवलं. पुन्हा खोटं. दादांनी ते ऐकलं आणि काही बोलले नाहीत. ते गप्प बसले की आता मला धडकी भरते.

अंजनी

अंबरनाथ,
९ फेब्रुवारी

चि. अंजनी,

तुम्ही घरी दादांना शोधत असाल तर शोधू नका. ते माझ्याकडे आहेत. म्हणजे आत्ता या क्षणी माझ्याकडे नाहीत, वर आहेत, शंकररावांकडे.

सकाळी बेल वाजली, म्हणजे मामीने ऐकली, आणि दारात दादा. सायकलवरून आलेले. बदलापूर ओलांडून, इथपर्यंत! मी ओरडलोच. तर त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं आणि बॅटरी दाखवली. दोन दिवे गेलेले. जाणारे दिवे बघून कुणाला इतका आनंद झाला नसेल. नवी मोटर चांगली बसवलीय, नट मी तपासले.

चहा घेतला नाही त्यांनी. मी ऐकतो कमी म्हणून माझ्या वहीवर लिहून दिलं, 'शंकररावांना सांगून येतो.' मी म्हटलं, मी येतो बरोबर. नको म्हणाले. शब्द मी दिला होता, म्हटलं. तर हसले आणि जिना चढायला लागले. आम्ही पहिल्या मजल्यावर, शंकरराव तिसऱ्या, आणि लिफ्ट नाही. तो जिना चढू नका म्हणून सांगायला मी मामीला मागे पिटाळलं, तिलाही परत पाठवलं.

आता अर्धा तास झाला. अंजनी, मी छताकडे बघत बसलोय. वर काय चाललंय ते ऐकायला मला कान नाहीत आणि मामीने दाराशी जाऊन ऐकायला नकार दिला. मोडेल का गं हे लग्न? मोडलं तर अक्षदाला काय सांगायचं? आणि तो जिना. उतरताना कुणी सोबत असेल का? मी हे लिहितोय ते हात रिकामा राहू नये म्हणून.

मामी म्हणते आले. आले. घामाघूम आहेत, पण चेहरा बरा दिसतो. काय झालं विचारतोय तर वही बाजूला सारून हेच पत्र मागतायत. देतो.

सूनबाई,

मला लिवायची सवय नाय. दिनानाथ भाऊंना मोठ्यानं सांगायचं तं सगळी बिल्डिंग ऐकेल म्हणून लिवतो.

शंकररावांना सगळा सांगितला. झटका, जाळी, गोळ्या, तापाचा खोटा. भाऊंना काय ठाऊक नवता हेपन सांगितला. ते आयकून घेत होते. मुलगा पन होता, त्यानं मला पानी दिला. शंकरराव बोलले, इचार करून कळवतो. मी बोललो करा. त्यांचा काय उत्तर येल ते येवो, अक्षदाला मी सांगन, तुम्ही कोन नका सांगू.

पोरी, मला लय भ्या वाटत होता इतके दिस. तू इचारलास तवा सांगता आला. कोन इचारलाच नवता.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर दम लागला. तं पायरीवर बसलो नि चांगला दम खाल्ला. शंकररावांची बायको वरून वाकून बघत होती. बघू दे.

— बाळाजी